पिठाच्या डब्यातल्या बांगड्या

"अव्वा, भाईर ये की! बघ तर काय आणलंय!"

अंगणात बुलेट धडधडत होती आणि अमरेश हाका मारत होता. आप्पाला, म्हणजे त्याच्या बापाला, माणिकप्पाला, जाऊन वर्ष झालं होतं. आप्पाच्या दुकानामागं धूळ खात पडलेली ती गाडी पोरानं उदगीरच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून आणली. आवाज ऐकून अव्वाला बरं वाटेल, असं त्या भोळ्याला वाटलं. लहानपणापासून तो लातूरला होस्टेलात. घरातलं त्याला काय ठाऊक असणार!

आई येईना म्हणून तो आत गेला. नागम्मा भिंतीला चिकटून उभी होती. पुढ्यात ज्वारीच्या पिठाचा डबा उघडा. डाव्या मनगटावरून ती घाईघाईनं काहीतरी ओढून काढत होती. मनगट तर मोकळंच होतं.

"अव्वा, काय करायलीस?"

"बांगड्या..." म्हणाली आणि भानावर आली. "काही न्हाई रे. गाडी वाजली की काढून पिठात ठिवायची. न्हाईतर त्याच्या मारानं फुटून हातात रुतायच्या."

दूध उतू गेल्याचं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

अमरेशला आठवलं. सुट्टीत घरी आला की त्याला पिठात बांगड्या सापडायच्या. अव्वा लई विसरभोळी, म्हणून तो हसायचा. मेला, हसायचा!

"आप्पा गेले न्हवं अव्वा? आता कोण मारतंय तुला?"

"मला ठावं हाय रे. ह्या हाताला कोण सांगंल?"

आठवड्याच्या आत त्यानं गाडी विकून टाकली. येताना हिरव्या बांगड्या आणल्या.

"लोक काय म्हणतील रं?" नागम्मा लाजली.

"म्हणू दे. आपल्यात नवरा गेलेल्या बाईला बांगड्यांची मनाई कुठं हाय?"

त्यानं स्वतः तिच्या हातात त्या चढवल्या. ती रडली, मग हसलीही. दोन-चार दिवस घर नुसतं किणकिणत होतं. अमरेशला वाटलं, झालं, सुटली बाई.

मग एका दुपारी गल्लीतून कुणाची तरी बुलेट गेली. पाहुणा असेल कुणाचा. अमरेश ओसरीवरून धावतच आत आला.

नागम्मा भाकरी थापत होती. दोन्ही मनगटं मोकळी. पिठाच्या डब्याला झाकण घट्ट लावलेलं.

"गरम हाय, जेवतोस?" तिनं विचारलं.

"हाव," तो म्हणाला, आणि डब्याकडं पाठ करून बसला.