सदफच्या सात चुका

सदफची पीएच.डी. आभाळाच्या तापमानावर अडली होती. विश्व जन्मलं तेव्हाची ऊब अजून सगळीकडे उरलीय, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर. कुठल्याही तरंगलांबीवर मोजा, तेवढीच भरायला हवी. म्हणून कॉलेजच्या गच्चीवर ही ऊब टिपणारे, दोन वेगळ्या तरंगलांबींचे पत्र्याचे दोन कर्णे होते. एकावर सदफ मंगळवारी मोजायची, दुसऱ्यावर सोबत संशोधन करणारा सत्यम गुरुवारी.

मोजण्याआधी कर्ण्याला दर वेळी द्रव नायट्रोजनची थंडी दाखवावी लागते. ओळखीची थंडी कळली, तरच यंत्राला अनोळखी कळते. नायट्रोजन मिळायचा पडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात. तिथं तो गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायला येतो. विश्वाचा जन्म आणि वासरांचा जन्म एकाच कॅनमधून, याची सदफला भारी गंमत वाटायची.

सत्यमचे आकडे देखणे यायचे. दोन पूर्णांक सात, आठ, पुन्हा सात. सदफचे चार, साडेतीन, परत चार. दोघांचं जुळेना, म्हणजे कुणीतरी चुकतंय. आणि ते आपणच, हे या शहाण्या मुलीनं न भांडता मान्य केलं. सात मंगळवार तिनं स्वतःच्या आकड्यांवर लाल रेघ मारून शेजारी 'चूक, सदफ' असं लिहिलं. एकदा तर गच्चीवरच रडली. सत्यमनं चहा आणून दिला. म्हणाला, "बसंल हात हळूहळू."

आठव्या मंगळवारी कॅन भरताना दवाखान्यातला पुंजाराम म्हणाला, "मॅडम, ते दुसरं सर काम सोडून गेले का? दिवाळीपासून एकदाबी आले नायत. मी गुरुवारी कॅन भरून ठिवतो, सगळा उडून जातो."

नायट्रोजनशिवाय मोजणी होतच नाही. भरलेला कॅन तिथंच ठेवून ती कॉलेजात आली.

सत्यमनं नाकारलं नाही. "उत्तर साऱ्या जगाला माहीतंय सदफ. मी तेच लिहिलं. खोटं काय त्यात?"

"माझे चार खरे मोजलेले होते," ती म्हणाली. "गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची ऊब कर्ण्यात शिरत असंल. मी ते शोधलं असतं. तुझ्यावर भरवसा ठेवून मी स्वतःलाच खोडत बसले, आणि तू बघत राहिलास."

तिला त्याचा चहासुद्धा आता कडू आठवत होता. तिनं आपली वही त्याच्यापुढं उघडली, वर लाल पेन ठेवलं.

"सात ठिकाणी चूक लिहिलंय. माझं नाव खोड, तुझं लिही."

आकडे लिहिताना कधी न अडलेला सत्यमचा हात पेनापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सदफ समोर खुर्ची ओढून बसली. तिला घाई नव्हती.