तांब्याच्या पत्र्यावरची आई

आई गेल्यावर दोघी बहिणी एकाच कॉलेजात छपाईची कला शिकायला आल्या. मोठी शेवटच्या वर्षाला होती, धाकटी पहिल्या. धाकटीची शाई कागदावर कमी आणि कपड्यांवर जास्त; मोठीचं काम मात्र बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या. वर्षभर जीव ओतून तिने तांब्याच्या पत्र्यावर आईचा चेहरा कोरला होता. सुईने एकेक रेघ काढायची, ती खोल व्हावी म्हणून पत्रा आम्लात बुडवायचा, पुन्हा रेघा. आईचं ओठांतलं हसू तर हुबेहूब उतरलं होतं. आज पहिली प्रत काढायची होती.

सकाळी शाई लावायला तिने पत्र्यावरचं फडकं काढलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत उभे-आडवे चर पडले होते. कोरणी दोन्ही हातांनी रेटल्याशिवाय इतके खोल पडत नाहीत. डोळे तर खरवडूनच काढलेले.

पत्रा ज्या कपाटात असायचा त्याची किल्ली दोघींकडेच होती.

धाकटी मागच्या खोलीत, कागद बनवायच्या हौदापाशी उभी राहून चिंध्यांचा लगदा काठीने ढवळत होती.

"तू केलंस हे?" मोठीने विचारलं.

"हो."

"डोकं फिरलंय का गं तुझं?"

"माझ्या आईचे डोळे असे नव्हते."

मोठीने तिच्या मुस्कटात भडकावली. लगेच दुसरी. धाकटीने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. मग मोठीने तिचे केस मुळापासून मुठीत धरले, तोंड हौदाच्या काठावर आपटलं आणि तसंच लगद्यात दाबलं. पांढरा लगदा लालसर झाला. धाकटीचे पाय ओल्या फरशीवर घसरत होते, हात मागे येऊन मोठीचा ॲप्रन ओरबाडत होते. मोठीने आणखी जोर लावला. बुडबुडे आले. मग तेही कमी झाले.

आवाज ऐकून बाई धावत आल्या. त्यांनी मोठीला कमरेला धरून मागे खेचलं, पण मूठ काही सुटेना. शेवटी त्यांनी शाईचा जड रूळ उचलून तिच्या कोपरावर हाणला. हाड कडकन वाजलं, तेव्हा कुठे मूठ उघडली.

धाकटी जमिनीवर पालथी पडून लगदा ओकत राहिली. पुढचा दात तुटला होता. श्वास मिळाला तशी ती बाईंकडे न बघता मोठीला म्हणाली, "ती पण अशीच धरायची. केस धरून बादलीत. तू शाळेत असायचीस तेव्हा."

"मला कधी सांगितलं नाहीस तू."

"सांगितलं होतं, ताई. तू म्हणालीस, आपली आई तशी नाहीच."

मोठी खाली बसली. तुटलेला हात मांडीवर पडला होता, बोटांत धाकटीचे केस अडकले होते.

"काय झालं इथे?" बाईंनी विचारलं.

"पाय घसरला माझा," धाकटी म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," मोठी म्हणाली. "मी बुडवलं तिला. तुम्ही आला नसता तर मारूनच टाकलं असतं."

कॉलेजातून मोठीचं नाव काढून टाकलं. प्लास्टर निघाल्यावर ती एका छापखान्यात पाकिटं चिकटवायला लागली. धाकटी बाईंच्या घरी राहायला गेली. मोठीने भेटायला येऊ का म्हणून कितीदा विचारलं, उत्तर नाही. थंडी सरत आली तेव्हा एकदाचा निरोप आला, ये म्हणून.

बाईंच्या स्वयंपाकघरात धाकटी एकटीच होती. मोठी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाली, तशी ती भिंतीला जाऊन चिकटली.

"लांब बस. आणि हात मांडीखाली घे."

मोठीने हात मांडीखाली घेतले.

"आता मी सांगते. मध्ये बोलायचं नाही."

धाकटीने आईचं सगळं अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चहा गार झाला, त्यावर साय धरली. मोठीचं कोपर ठणकायला लागलं, बोटं बधिर झाली. धाकटी सांगत होती तोवर तिने हात बाहेर काढले नाहीत.