पस्तीस मिनिटे पुढे

माझा सेकंदकाटा पुढच्या रेघेवर उडी मारण्याआधी केसभर मागे सरकतो. सरकतो, थरथरतो आणि मगच उडी मारतो. दिवसातून शहाऐंशी हजार चारशे वेळा. हे दिसायला अगदी जवळ यावे लागते, आणि माझ्याजवळ जो येतो तो घाईतच येतो.

मित्रांनो, मी एक जुने, भिंतीवरचे घड्याळ आहे. कारखान्यात डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझे काटे बसवले. मग मला सात दिवस तपासणीच्या फळीवर टांगले. सात दिवसांत माझी चूक दोन सेकंदांचीही भरली नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

या घरात मी स्वयंपाकघराच्या दारावर लागले. आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, बाबा छापखान्यात. त्यांची दहा वर्षांची मुलगी एका जागी बसत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मोबाइलवर अचूक वेळ असते हे मलाही ठाऊक आहे. पण सकाळी ओल्या हातांनी मोबाइल कोण उचलणार? तेव्हा सगळे माझ्याकडेच बघायचे. "हे घड्याळ म्हणजे अगदी चोख काम," बाबा पाहुण्यांना सांगत.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेने दुसरी शाखा काढली आणि तिचीही जबाबदारी आईवर टाकली. फक्त दोन महिने, असे मोठे डॉक्टर म्हणाले होते. आईने त्याच रात्री मला दहा मिनिटे पुढे केले. "म्हणजे उशीर होणार नाही," ती जेवताना म्हणाली.

आठवडाभर ते चालले. मग प्रत्येक जण मनात दहा वजा करू लागला. तेव्हा बाबांनी कुणाला न सांगता आणखी दहा वाढवली. काही महिन्यांनी आईने गुपचूप आणखी दहा. आणि एके दिवशी भिंगरी स्टुलावर चढली आणि तिने पाच. मी पस्तीस मिनिटे पुढे धावत होते आणि किती पुढे आहे, हे त्या घरात एकालाही माहीत नव्हते. एकदा आत्या आली. तिने मनगट पाहिले, मला पाहिले आणि विचारले, "वहिनी, हे कुठल्या देशाचं घड्याळ गं?" सगळे हसले.

लवकर पोचून आईला उसंत मिळाली असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. ती लवकर येते म्हटल्यावर तिचे फोनही लवकर सुरू झाले. एका रविवारी दुपारी ती माझ्यासमोर बसली आणि मनगटावर बोटे ठेवून तिने माझ्या सेकंदकाट्यावर नाडी मोजली. बसल्या जागी एकशेचार. रोज दुसऱ्यांचे आकडे वाचणारी बाई हा आकडा वाचून म्हणाली, "चहा जास्त झाला."

"दोन शाखा झेपत नाहीत, हे सांगितलंस का मोठ्या डॉक्टरांना?" बाबांनी विचारले.

"शुक्रवारी सांगणार होते. सर घाईत होते."

"ते घाईत नसतात कधी? झोपेत?"

"या महिन्यानंतर सांगते." हे वाक्य मी तेव्हा विसाव्यांदा तरी ऐकले.

धोका दिसला की शरीर पळायची तयारी करते. छाती धडधडते, जबडा आवळतो, पोट ढवळते. धोका टळला की सगळे शांत व्हायला हवे. आमच्या घरात तो टळतच नव्हता, कारण माझ्याकडे पाहावे तेव्हा उशीर झालेलाच असे. भिंगरीचे पोटही रोज सकाळी दुखू लागले होते.

परवा सकाळी मी सव्वासात दाखवत असताना भिंगरी म्हणाली, "आई, जाते गं." आई फोनवर होती. तिने नुसता हात हलवला. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात कोपऱ्यावरच्या शाळेचे फाटकवाले काका होते आणि त्यांचा हात धरून भिंगरी.

"ताई, पोट धरून बसली होती, म्हणून आणली. हिला एवढ्या लवकर कशाला पाठवता हो? फाटक सव्वासातला उघडतं. रोज अर्धा तास पायरीवर एकटी बसते."

"लवकर? अहो, सात वाजून गेले!"

काकांनी मनगट पुढे केले. "सातला दहा कमी आहेत, ताई."

काका गेले. आई भिंगरीसमोर खाली बसली. "बाळा, बोलली का नाहीस?"

"घड्याळ पुढे आहे असं तू म्हणतेस, बाबा पण म्हणतात. किती ते कुणी सांगतच नाही. उशीर झाला तर? म्हणून मी पण पाच केलं."

"दहा माझी," बाबा ब्रश तोंडात धरून दारातूनच म्हणाले.

"माझी वीस," आई म्हणाली. तिला हसू आले आणि ते मध्येच थांबले.

मग तिने मला खाली उतरवले आणि काटे खऱ्या वेळेवर आणले. माझ्या काचेवरची धूळसुद्धा पुसली.

मित्रांनो, धाप लागली की घड्याळाचे काटे फिरवू नका. आपल्या अंगावर किती ओझे आहे ते आधी नीट मोजा आणि जास्त असेल तर ज्याने दिले त्याला सांगा. मनात ठेवलेले ओझे घरातले सगळ्यांत लहान माणूस आधी उचलते.

फोन वाजला. मोठे डॉक्टरच होते. आईने भिंगरीच्या पोटावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"नाही सर, आज आधी माझं ऐका. दुसरी शाखा मी सोडते आहे. एक तारखेपासून तिथं दुसरं कुणी बघा."