खंडेनवमीनंतरची ओळख

१९७९ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोलापूरच्या एका सूतगिरणीतील दोन्ही संगणक काम करावयास तयार होईनात. एक कापसाची आवक सांभाळी, दुसरा सुताचा साठा. दिसायला मात्र दोन्ही जुळे. एकाची नोंदींची टेप दुसऱ्यावर चढून घोटाळा होऊ नये, म्हणून संगणक विभागाच्या रुद्रप्पा हत्तुरे यांनी एक आज्ञावली रचली होती. यंत्रात खोचलेल्या प्रत्येक सर्किट-कार्डात कारखान्यानेच भरलेला क्रमांक ती वाची, त्या सर्वांतून एक ओळखक्रमांक काढी, आणि तो टेपवरील क्रमांकाशी जुळला तरच पुढे जाई. साक्षीदार जितके अधिक तितकी ओळख पक्की, असा रुद्रप्पांचा सिद्धान्त होता. आणि सिद्धान्ताच्या बाबतीत ते कोणाचे ऐकून घेत नसत.

"दुपारपर्यंत चालू झाले नाही, तर तुमची ही पहारेकरीण आज्ञावली कायमची काढून टाका," व्यवस्थापक घाडगे दारातूनच बजावून गेले.

रुद्रप्पांनी यंत्राचे कपाट उघडले. कार्डांच्या कडांना हळदकुंकू लागले होते. त्यांनी मेकॅनिक सिद्धप्पाला बोलावले.

"ही बाहेर कोणी काढली?"

"म्याच की! खंडेनवमीला हत्यारं पुजायची न्हाईत व्हय? फिटरांनी पाने-हातोडे मांडले, म्या ही मांडली. दोन्ही यंत्रांची एकाच पाटावर."

"आणि ज्याची त्याला परत बसवलीत?"

"सारकीच हायती की, साहेब! यंत्र झकास चालतंय. तुमची आज्ञावलीच रुसलीया."

"रुसलेली नाही, खरे बोलते आहे. अर्धी कार्डे परकी आहेत."

"म्या कवळी बसवली, तवा बायकूनं घरात घेतलंच की मला!"

दात बदलले तरी माणूस तोच, हे रुद्रप्पांनी मनात ताडून पाहिले. कार्डे निवडून पूर्ववत लावणे अवघड नव्हते. पण पुढच्या वर्षी पुन्हा पूजा होणार, मध्येच एखादे कार्ड जळणार. वाढवलेला प्रत्येक साक्षीदार म्हणजे निघून जाऊ शकणारा आणखी एक, हे त्यांना प्रथमच उमगले. कार्डे ज्या पाटीत खोचली जात, ती मात्र कपाटाला रिव्हेटांनी कायमची जखडलेली होती. तिच्यावर झाळून जोडलेल्या तारांची जुळणी दर यंत्रागणिक निराळी. आज्ञावलीला ती वाचताही येत होती. एकटा साक्षीदार म्हणून रुद्रप्पांनीच तिला नाकारले होते.

जुनी गणिते खोडून त्यांनी नवी ओळख त्या तारांवर उभी केली.

"सिद्धप्पा, कार्डे पुन्हा मिसळा."

"पूजा न करता?"

"न करता!"

कार्डे मिसळली, दोन्ही यंत्रांनी आपापला क्रमांक अचूक सांगितला. तेवढ्यात घाडगे आले.

"मग टेप चढवा."

"टेपवर जुना क्रमांक आहे," रुद्रप्पा सावकाश म्हणाले. "तो काढणारे गणित मी खोडले, कार्डेही मिसळली. ही टेप याच यंत्राची, हे आता कोणत्याही गणिताने सिद्ध होणार नाही. कोणीतरी सांगायला हवे."

"तुम्ही सांगा की."

पुराव्यावाचून आयुष्यात काही न मानलेल्या त्या गृहस्थाने टेपकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, आणि नवा क्रमांक टेपवर स्वतःच्या हाताने नोंदवला. कापसाची आवक छापली जाऊ लागली.

"पहारेकरीण राहू द्या," घाडगे म्हणाले.