खडूची रेघ आणि नेइदेचा गळा

या मित्रांनो, जवळ या. अजून जवळ! एका गळ्याची गोष्ट सांगतो, लांबून ती ऐकूच येणार नाही.

मी एक जुना मायक्रोफोन आहे. ब्राझीलमधल्या रिओ शहरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रात मी उभा असे. त्या काळी गायकांचे आवाज म्हणजे तोफाच! माझे कान फाटू नयेत म्हणून यंत्रे सांभाळणाऱ्या वाल्दिरकाकांनी जमिनीवर खडूची रेघ ओढली होती. गाणाऱ्याने रेघेच्या मागेच उभे राहायचे.

एका दुपारी गिटार घेऊन नेइदे आली. शिंप्याची मुलगी, चर्चमध्ये गाणारी. थेट प्रसारणातली पाच मिनिटे तिला मिळाली होती. संचालक ओताव्यूसाहेबांनी बजावले होते, "आज जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा दारात दिसू नकोस."

आधी चाचणी झाली. ठेका आमच्या सांबा नाचगाण्याचाच, पण सूर कुजबुजल्यासारखा. वाल्दिरकाका घाबरले. "माइक मेला!" म्हणत त्यांनी मला चापट्या मारल्या. मी तर ठणठणीत होतो!

"काका, त्याला मारू नका. मीच हळू गाते."

"घसा बसलाय का, पोरी?"

"असाच आहे तो. आमचे पाद्रीबाबा म्हणतात, देव बहिरा नाही गं, पण मागच्या बाकावरची म्हातारी बहिरी आहे!"

काका हसले. साहेब हसले नाहीत. "मग घरी गा, बाई. पुढच्याला बोलवा."

नेइदेने स्टूल उचलले, रेघ ओलांडली आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर बसली. काकांनी साहेबांकडे पाहिले, वाकून हाताने रेघ पुसली आणि प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लावला.

ती गायली. तिचा श्वाससुद्धा सुरात होता. देवाने मला कान कशासाठी दिले, ते त्या दिवशी कळले.

गाणे संपताच फोन खणखणला. कुणी बाई विचारत होती, "अहो, माझ्या स्वयंपाकघरात येऊन कोण गातंय?"

साहेबांनी फोन ठेवला. "नेइदे, उद्या किती वाजता येशील?"

तसल्या हळुवार गाण्याला लोक बोसा नोव्हा, म्हणजे नवी ढब, म्हणू लागले. तबकड्या निघाल्या, परदेशांतून बोलावणी आली. तरी वीस वर्षे ती माझ्याच कानाशी गायली. मग नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. जाळीला गंज चढला. पण खात्रीने सांगतो, पुसून जोडा, आजही मुंगीचे पाऊल टिपीन! जुन्या वस्तूंना एकदम मेल्या म्हणू नका.

नेइदेला सारे ओळखतात. वाल्दिरकाकांचे नाव मात्र एकाही तबकडीवर नाही. ती गात असताना पाऊल वाजू नये म्हणून ते वीस वर्षे अनवाणी वावरले. मित्रांनो, त्यांची तेवढी आठवण ठेवा.