कर्नल महाराजांचा ब्रह्मनाद

धडाड्धूम! महाराजांच्या कानामागे शिष्यांनी स्टीलची ताटं बडवली. हॉलमधले आम्ही सगळे टुणकन उडालो, पण महाराजांची पापणीसुद्धा हलली नाही. "समाधी! समाधी!" लोक गहिवरले. माझी ताई तर हुंदके देऊन रडत होती.

हे महाराज म्हणजे तोफखान्यातले निवृत्त कर्नल. जटा वाढवल्या, भगवं नेसले, पण कवायत काही सुटली नव्हती. "मन म्हणजे नवा रंगरूट! मना, सावधान! विचारांनो, पीछे मुड!" असं गरजले की सगळा हॉल ताठ. मग दोन्ही कानांना हात लावून गुरूंचं नाव घ्यायचे, की लागलीच समाधी. समाधी उतरली की पुन्हा कानांना हात. शेवटी एकेकाला छातीशी धरायचे. डोक्याला डोकं भिडलं की बारीकसा आवाज यायचा, कुईऽऽ. तो म्हणे ब्रह्मनाद!

"मला ताटं ऐकू आली नाहीत, तसं तुम्हाला दुखणंही जाणवणार नाही," महाराज म्हणाले. "शरीराचे हुकूम पाळू नका. औषधं चरणी वाहा!"

झालं! लहानपणापासून इन्सुलिनवर जगणारी आणि आमच्याकडेच राहणारी माझी ताई घरी येऊन म्हणाली, "पुढच्या सत्संगाला फ्रिजमधली सगळी इंजेक्शनं वाहणार."

"अगं, वेड लागलंय का तुला? डॉक्टर काय म्हणालेत? इंजेक्शन थांबलं की तू संपलीस!"

"तू शाळेत विज्ञान शिकवतेस, म्हणून तुला सगळंच खोटं वाटतं. नाद मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय."

मी कपाळावर हात मारला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर माझी लेक आजीच्या गळ्यात पडली होती. आणि आवाज आला, कुईऽऽ.

"सोड गं, यंत्र बोंबलतंय!" सासूबाई करवादल्या.

मी जागच्या जागी उभी. सासूबाईंचं कानाचं यंत्र दाबलं गेलं की शिट्टी मारतं, हे रोजचंच. रोजचं होतं म्हणूनच माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं!

पुढच्या सत्संगाला सासूबाईंना सोबत नेलं. ताईनं इंजेक्शनांचा डबा महाराजांसमोर ठेवला, तशी मी उठले आणि भर सभेत सासूबाईंना कडकडून मिठी मारली. कुईऽऽ!

"अगंबाई, ब्रह्मनाद!" म्हणत शेजारची बाई सासूबाईंच्या पायाच पडली.

"कसला डोंबलाचा ब्रह्मनाद!" सासूबाई म्हणाल्या. "ऐकायचं यंत्र आहे हे."

"लाउडस्पीकरसमोर माइक धरला की किंचाळतो ना, तसंच," मी सांगितलं. "यंत्रातला आवाज बाहेर निसटतो आणि परत यंत्रातच शिरतो. महाराज, तुमच्या जटांखाली काय आहे?"

महाराजांनी घाईघाईनं कानांना हात लावले, गुरूंचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

"बघा, बटण बंद केलं!" सासूबाई खो खो हसल्या. "सून बडबडायला लागली की मीपण हेच करते!"

त्या तरातरा पुढे गेल्या, जटा बाजूला सारल्या आणि दोन्ही कानांमागची यंत्रं चालू केली. "हं, आता ऐका."

"तोफांपायी कान गेले, त्यात लाज कसली?" मी म्हणाले. "त्यासाठी आम्ही तुम्हाला आनंदानं नमस्कार केला असता. पण स्वतः डॉक्टरांचं यंत्र लावायचं आणि माझ्या बहिणीला इन्सुलिन टाकायला सांगायचं?"

महाराज खाली मान घालून बसले. "ध्यानाला बसताना यंत्र बंद ठेवायचो. लोकच समाधी म्हणाले," ते पुटपुटले. "मला बरं वाटलं. मग खोटं वाढतच गेलं." एकदम ताईकडे वळून त्यांनी जुना आवाज काढला. "डबा उचला! घरी जा! वेळेवर सुई टोचून घ्या! हुकूम आहे!"

ताईनं डबा उचलला. घरी आल्यावर जेवायच्या आधी मुकाट्यानं इंजेक्शन घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

तुम्हालाही सांगते. नमस्कार कुणालाही खुशाल करा, फक्त आधी डोळे उघडे ठेवून चार प्रश्न विचारा. आणि कुणी तुमचं औषध टाकायला सांगितलं, तर त्यानं स्वतःचं कुठे लपवलंय ते बघा.