चॉलूचा कोयता

चॉलूच्या धाकट्या मुलीचं, मुपॉचं, लग्न झालं त्याच वर्षी आमच्या डोंगरातल्या झाडांवर मोजणीचे पिवळे आकडे रंगवले गेले. मित्रांनो, मी त्या चॉलूचा जुना कोयता आहे. गावच्या लोहाराने मला मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलं. चॉलूने बांबूची मूठ बसवली. आम्ही भाताची शेतं मोकळी केली, आणि दर उन्हाळ्यात वणवा अडवायला जंगलाभोवती जाळरेषा काढली. चॉलूइतकी स्वच्छ रेषा कोणाचीच नसे.

मग गावाने ठराव केला. जंगल राखलं की हवेतला कार्बन झाडांत साठून राहतो आणि त्याबद्दल गावाला मदत मिळते, हे सगळ्यांना पटलं होतं. चॉलूलाही. आकड्याच्या झाडाला जो हात लावील, त्याचा कोयता उन्हाळाभर सभाघरात टांगायचा. त्याने दुसऱ्याचंही पातं धरायचं नाही.

मुपॉच्या नव्या घराला एक खांब कमी पडला. घरासाठी झाड तोडायला पूर्वी कोणी विचारत नसे. चॉलूने माझ्याच पात्याने आकड्याचं झाड पाडलं.

गावचा मुखिया दीकॉ हा चॉलूच्या बायकोचा भाऊ. त्यानेच मला काढून घेतलं.

"दाजी, जावयाला खांब हवा होता तर तुम्हीच उभं राहायचं होतं."

सगळे हसले.

पुढे त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातून वणवा आला. चॉलू सभाघरात धावत आला.

"दीकॉ, आजच्यापुरता दे. वरच्या खिंडीत नुसत्या वेली आहेत."

"आज तुम्हाला दिला तर उद्या सगळेच मागतील. तुम्ही पाला ओढा, दाजी. या वयात तेच शोभतं."

"अरे, मी काय भातुकली खेळायला चाललोय?"

"मग घरी बसा. त्या खांबाला टेकून."

चॉलूने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि गेला.

पुढचं मी सभाघरातल्या बोलण्यातून ऐकलं. वारा फिरला. बाकीचे वेली तोडत खाली पळाले. चॉलूच्या पायांत वेली अडकल्या. माझे दोन घाव पुरले असते.

जंगल वाचलं. मदत देणारे पाहुणे आले, आकडे तपासून गावाचं कौतुक करून गेले. दीकॉने माझ्याकडे बोट दाखवलं. "इतका कडक नियम पाळतो आम्ही," म्हणाला.

उन्हाळा संपला तरी मला न्यायला कोणी आलं नाही. माझ्यावर गंज चढला आहे. मित्रांनो, जंगल जरूर राखा. पण आगीत जाणाऱ्या माणसाच्या हातातलं हत्यार नियमाच्या हट्टापायी काढून घेऊ नका.

चॉलू त्या उन्हाळ्यात, भाताच्या पेरणीआधी, वरच्या खिंडीत जळून मेला. मुपॉचं घर तेव्हा शाकारून व्हायचं होतं.